छोट्या देशाची सावड

इस्रायलमधल्या लोद, अश्दोद, दिमोना या गावांत पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी आडनावे लावणारी माणसे राहतात. त्यांच्यातल्या तरुणांपैकी पुष्कळांनी पेण पाहिलेले नाही. कुंडलिकेच्या एका काठाला रोहे आणि दुसऱ्या काठाला अष्टमी, हे त्यांना घरातल्या आजीकडून कळलेले असते. दाराच्या पाटीवरची अक्षरे हिब्रू, पण त्या अक्षरांतला 'कर' आपला आहे. तो आपल्याच मातीतून तिकडे गेला.

या बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचले. सात पुरुष आणि सात बायका. पुढे कित्येक शतके त्यांनी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या गावोगाव तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. पेणला त्यांचे बेथ हाएलोहीम हे प्रार्थनामंदिर आहे. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत या समाजातली बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. इस्रायलमधून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघत आले आहे, एवढे सांगितले तरी नाते किती खोल आहे ते कळावे.

हे पुस्तक मात्र त्या समाजाचा इतिहास नव्हे. एका छोट्या देशाने इतर देशांच्या विकासासाठी कोणते धोरण आखले, ते कशासाठी आखले, त्यातले आपल्यापर्यंत काय पोचले आणि काय पोचले नाही, हा या पुस्तकाचा विषय आहे. परराष्ट्रीय विकाससाहाय्य म्हटले की डोळ्यांपुढे अमेरिका, जपान, जागतिक बँक येतात. छोट्या देशांचे साहाय्य मराठीत फारसे कोणी तपासलेले नाही. मी पेण तालुक्यात वाढले, आणि या विषयाकडे मी सरकारी कागदांतून आले नाही, सावडीतून आले.

सावड म्हणजे काय हे रायगडच्या वाचकाला सांगायला नको, इतरांसाठी सांगते. आषाढात लावणी एकदम सगळ्यांचीच येते. एका घरच्या हातांनी खाचर लावून होत नाही. म्हणून आज माझ्या खाचरात दहा माणसे येतात आणि पुढचे दहा दिवस मी त्या दहांच्या खाचरांत जाते. मजुरी नाही. ज्याचे शेत, जेवण त्याचे. सावड कोणी लिहून ठेवत नाही, पण कोणी विसरतही नाही. जो फेडत नाही त्याला पुढच्या आषाढात माणूस मिळत नाही. पैसेवाला सावडीत येत नाही, तो मजूर लावतो. ज्याच्याकडे पैसा नाही पण हात आहेत, तोच सावडीत येतो. छोट्या देशाचे साहाय्य समजून घ्यायला मला याहून नेमका शब्द कोणत्याही भाषेत सापडलेला नाही.

इस्रायलने परदेशी साहाय्यासाठी स्वतंत्र विभाग उभारला तो १९५८ च्या सुमारास, परराष्ट्र खात्यात. त्याचे हिब्रू संक्षिप्त नाव 'माशाव'. तेव्हा परराष्ट्रमंत्री होत्या गोल्डा मेयर. त्या वर्षी त्या आफ्रिकेत गेल्या, लायबेरिया आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या घानात फिरल्या, आणि परतल्यावर त्यांनी हे काम स्वतःचे मानले. देश जेमतेम दहा वर्षांचा होता. १९४९ मध्ये तिथे सुरू झालेली अन्नधान्याची शिधावाटप व्यवस्था अजून पुरती उठलेली नव्हती. पश्चिम जर्मनीशी १९५२ मध्ये झालेल्या करारातून येणारी नुकसानभरपाई आणि अमेरिकेची मदत यांवर अर्थव्यवस्था टेकलेली होती. जो स्वतः घेत होता तो त्याच वेळी द्यायला निघाला होता. ब्रह्मदेश आणि घाना हे पहिल्या सोबत्यांपैकी. १९६१ मध्ये हैफाला माउंट कार्मेल केंद्र उघडले, ते आशिया-आफ्रिकेतल्या बायकांच्या प्रशिक्षणासाठी. विकासाच्या कामात बाईला वेगळे स्थान द्यायला हवे ही जाणीव तेव्हा मोठमोठ्या संस्थांनाही नव्हती, म्हणून हे केंद्र मला फार महत्त्वाचे वाटते.

पैसा नसल्यामुळे धोरण आपोआप ठरले. धरण बांधून द्यायचे नाही, कर्ज द्यायचे नाही. माणसे शिकायला बोलवायची आणि शिकवायला पाठवायची. शेती, पाणी, सहकार, आरोग्य, खेड्यांची रचना हे विषय. अभ्यासक्रम काही आठवड्यांचा, तज्ज्ञाचा मुक्काम काही दिवसांचा किंवा महिन्यांचा. आजवर अडीच लाखांहून अधिक माणसे या प्रशिक्षणातून गेली असे तो विभाग सांगतो. संख्या मोठी आहे, पण तिच्यामागचा खर्च एखाद्या मध्यम धरणाच्या खर्चाशीही तुलना करण्याजोगा नाही.

शिकवण्याजोगे ज्ञान त्या देशाकडे कुठून आले, याचे उत्तर आपल्याला पुन्हा रोहेकर-पेणकरांपाशी आणते. पन्नासच्या दशकात इस्रायलमध्ये लाखो स्थलांतरित आले आणि त्यांना वसवण्यासाठी सरकारने दक्षिणेच्या कोरड्या भागात नवी गावे पाडली. बेर्शेबाला वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पुढे दिमोनाकडे त्याहून कमी. रानान वाइत्झ यांनी लाखीश भागात आखलेली योजना, म्हणजे शेतकरी वाड्यांचा पुंजका, त्यांच्यामध्ये शाळा-दवाखाना-दुकान असलेले सेवाकेंद्र आणि त्यापलीकडे एक छोटे शहर, हीच पुढे परदेशी पाहुण्यांना दाखवायचा नमुना ठरली. ज्यांच्यावर हे सगळे आधी करून पाहिले गेले त्या नवागतांत आपले लोकही होते. मुंबईच्या रेल्वेत, गिरणीत, सरकारी कचेरीत नोकरी केलेली माणसे वाळवंटातल्या तात्पुरत्या घरांत उतरली. त्यांचा अनुभव सरसकट गोड नव्हता. १९५१-५२ मध्ये काही बेने इस्रायल कुटुंबांनी भेदभावाची तक्रार करत सत्याग्रह केला आणि शंभराहून अधिक माणसे भारतात परत आली. त्यांतली बरीच पुढे पुन्हा तिकडे गेली. विवाहाच्या प्रश्नावर धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणावर शंका घेतली, तेव्हा पुन्हा आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये संसदेला जाहीर करावे लागले की हा समाज इतर यहुद्यांच्या बरोबरीचा आहे. विकासाच्या नमुन्याची चित्रे ज्या पुस्तिकांत छापली गेली त्यांत या गोष्टी नव्हत्या.

आणि आणखी एक गोष्ट त्या पुस्तिकांत नव्हती. ज्या जमिनीवर ही नवी गावे उभी राहिली तिच्यातल्या पुष्कळ भागावर १९४८ पर्यंत पॅलेस्टिनी अरबांची गावे होती. ती माणसे निर्वासित झाली आणि त्यांची नातवंडे-पतवंडे आजही छावण्यांत आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून गाझात जे घडले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. इस्रायलच्या साहाय्याविषयी लिहिताना हे बाजूला ठेवता येते असे काहींना वाटते, मला वाटत नाही. ठिबकची नळी हे उत्तम साधन आहे. पण त्या नळीच्या टोकाशी कोणाचे शेत आहे आणि आधी कोणाचे होते, हा प्रश्नही शेतीचाच प्रश्न आहे. पेण-पनवेलच्या माणसाला जमीन जाणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

साहाय्यामागे स्वार्थ होता का? होता, आणि तो इस्रायलने फारसा लपवलाही नाही. शेजारी देश मान्यता देत नव्हते, म्हणून त्यांच्या पलीकडच्या देशांशी मैत्री हवी होती. संयुक्त राष्ट्रांत मते हवी होती. १९७३ च्या युद्धानंतर आफ्रिकेतल्या वीसहून अधिक देशांनी संबंध तोडले आणि तज्ज्ञांचे काम एकदम आटले. जी शेते, जी केंद्रे अर्धवट राहिली त्यांतल्या शेतकऱ्यांनी तर कोणतेही मत दिलेले नव्हते. साहाय्य मतांच्या आशेवर उभे राहिले की मतांबरोबर जाते. सावडीचेही असेच होते, भावकीत भांडण लागले की लावणी अडते.

आकडे पाहिले तर या धोरणाची दुसरी बाजू दिसते. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के विकाससाहाय्य द्यावे, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये केला. नॉर्वे, स्वीडन, लक्झेंबर्ग यांसारखे छोटे देश तो आकडा ओलांडत आले आहेत. इस्रायल २०१० मध्ये श्रीमंत देशांच्या संघटनेत, म्हणजे ओईसीडीत, दाखल झाला. पण त्याचे साहाय्य ०.१ टक्क्याच्या आसपासच घुटमळले आहे, आणि त्यातही विकसनशील देशांतून येणाऱ्या नवागतांच्या पहिल्या वर्षाच्या निर्वाहाचा खर्च धरलेला असतो. १९५८ मध्ये गरीब असताना हात देणे हे मोठेपण होते. आज देश श्रीमंत आहे. श्रीमंतानेही फक्त हातच द्यावेत, हे मला पटत नाही.

आता आपल्याकडे वळते. साहाय्य घ्यावे की नाही, कोणत्या अटीवर घ्यावे, या विचारात रायगड जिल्ह्याच्या दोन माणसांचा वाटा आहे आणि दोघेही या पुस्तकाच्या टापूतले आहेत.

चिंतामणराव देशमुखांच्या घराण्याचे रोह्याशी नाते. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला जी परिषद झाली, जिच्यातून जागतिक बँक आणि नाणेनिधी जन्माला आले, तिला ते भारताच्या शिष्टमंडळातून गेले होते. देश पारतंत्र्यात, तरीही त्या शिष्टमंडळाने तिथे अविकसित देशांच्या साधनसंपत्तीच्या विकासाचा मुद्दा लावून धरला. युद्धात उद्ध्वस्त झालेला युरोप पुन्हा उभा करणे हीच तेव्हा बड्यांची चिंता होती. जे देश कधी उभेच राहू दिले गेले नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न तिथे भारताने विचारला. देशमुख १९५० ते १९५६ अर्थमंत्री होते आणि १९५२ मध्ये कुलाब्यातूनच लोकसभेवर निवडून गेले होते. भारताने साहाय्य घेतले, पण आपल्या योजनेत बसवून घेतले. आणि घेता घेता दिलेही. कोलंबो योजनेत भारत सुरुवातीपासून होता, नेपाळला पन्नासच्या दशकातच मदत जाऊ लागली आणि १९६४ मध्ये परदेशी माणसांना प्रशिक्षण देण्याचा भारताचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. गरीब असताना ज्ञान वाटणे ही एकट्या इस्रायलची कल्पना नव्हती.

दुसरे विनोबा. त्यांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, ११ सप्टेंबर १८९५ चा. दान या शब्दातला उपकाराचा वास विनोबांना मान्य नव्हता. दान म्हणजे सम विभागणी, हा शंकराचार्यांनी केलेला अर्थ ते भूदानाच्या पदयात्रेत लोकांना सांगत. जमिनीवर ज्याचा हक्क आहे त्याला त्याचा वाटा द्यायचा, त्यात देणारा मोठा होत नाही. आणि इथे इतिहासाने एक विलक्षण गाठ घातली आहे. भूदानाच्याच कामात असलेले जयप्रकाश नारायण १९५८ मध्ये इस्रायलला गेले, तिथली सहकारी खेडी त्यांनी पाहिली, आणि त्यानंतर १९६० च्या सुमारास सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांची एक तुकडी तिथे काही महिने राहून शेती आणि सहकार शिकून आली. दिल्लीचे इस्रायलशी राजदूतांच्या पातळीवर संबंध नव्हते, त्या काळात. सरकारांचे दार बंद असताना गागोद्याच्या विचाराची माणसे खिडकीतून जाऊन आली. त्या तुकडीच्या शिकण्याचे भूदानाच्या जमिनींवर पुढे काय झाले, हे एका वेगळ्या पुस्तकाचे काम आहे आणि ते कोणीतरी हाती घ्यावे.

दार पूर्ण बंद नव्हते, हेही खरे. भारताने इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली होती आणि १९५३ मध्ये मुंबईत त्याला वाणिज्य दूतावास उघडू दिला होता. जवळजवळ चाळीस वर्षे भारतात इस्रायलचे जे काही होते ते मुंबईतच होते. बेने इस्रायलांचे जाणे-येणे, कागदपत्रे, नातेवाइकांच्या चौकश्या सारे तिथून. पूर्ण राजनैतिक संबंध आले जानेवारी १९९२ मध्ये, आणि लगेच पुढच्या वर्षी शेतीचा करार झाला. पुढचे वळण २००३ चे. त्या वर्षी भारत सरकारने ठरवले की यापुढे सरकारी पातळीवरचे साहाय्य मोजक्या मोठ्या देशांकडूनच घ्यायचे. बाकीच्यांनी ते स्वयंसेवी संस्थांमार्फत किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांमार्फत द्यावे. नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे यांसारखे छोटे आणि उदार देश या निर्णयाने बाहेर पडले. मला हा निर्णय तेव्हाही घाईचा वाटला होता आणि आजही वाटतो. इस्रायलला मात्र त्याची झळ लागली नाही, कारण तो पैसा देतच नव्हता. २००६ मध्ये शेतीसहकार्याचा नवा आराखडा ठरला आणि २००८ मध्ये कृती-कार्यक्रम सुरू झाला.

त्या कार्यक्रमाचे काम कसे चालते ते नीट पाहायला हवे, कारण याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. 'इस्रायलने केंद्र बांधून दिले' असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. जमीन आपल्या विद्यापीठाची किंवा कृषी खात्याची. इमारत, हरितगृह, पंप, नळ्या यांचा पैसा केंद्र सरकारच्या फलोत्पादन अभियानातून आणि राज्याकडून येतो. काम करणारे अधिकारी, शास्त्रज्ञ, माळी आपले. इस्रायलकडून येतात ते तज्ज्ञ, त्यांचा सल्ला, आणि आपल्या अधिकाऱ्यांना तिकडे प्रशिक्षण. मे २०२१ मध्ये सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे १२ राज्यांत अशी २९ गुणवत्ता केंद्रे चालू होती आणि वर्षाला १ लाख २० हजारांहून अधिक शेतकऱ्यांना शिकवण्याची त्यांची क्षमता होती. महाराष्ट्रात चार केंद्रे: नागपूरला संत्रे, राहुरीला डाळिंब, छत्रपती संभाजीनगरला केसर आंबा आणि दापोलीला हापूस.

दापोलीचे केंद्र आपले, म्हणजे कोकणाचे. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून तिथे आहे. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात याच विद्यापीठाने दिली. १९९० मध्ये महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली आणि कोकणातले डोंगरउतार आंब्या-काजूने भरले, ते कोणाच्याही परदेशी सल्ल्याशिवाय. पण दहा बाय दहा मीटरवर लावलेली झाडे वाढली, फांद्या एकमेकींत शिरल्या, आत ऊन पोचेना. जुन्या बागा तर तीन-तीन माणसे उंच झाल्या. वरच्या फळाला आंबे उतरवायची घळ पोचत नाही आणि फवाराही पोचत नाही. एक वर्ष फळ, एक वर्ष नुसता पाला. इथे बाहेरच्या तज्ज्ञाचा उपयोग झाला. झाडाचा घेर आणि उंची पहिल्यापासून छाटून हातात ठेवायची, लागवड दाट करायची, पाच बाय पाच मीटरवर हेक्टरी शंभराऐवजी चारशे झाडे, पाणी आणि खत ठिबकमधून झाडाच्या गरजेप्रमाणे मोजून द्यायचे, आणि जुन्या झाडाला टप्प्याटप्प्याने छाटून नवी फूट आणायची. आंब्याला कोयता लावायचा म्हटले की आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या पोटात गोळा येतो. आजोबांनी लावलेले झाड. छाटलेले झाड दोन-तीन वर्षांत पुन्हा मोहरलेले दाखवल्याशिवाय कोणी ऐकत नाही, आणि ते दाखवायलाच अशी केंद्रे हवीत.

पण पेण आणि रोह्यात उभे राहून पाहिले तर प्रश्न वेगळा दिसतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बेर्शेबाच्या पंधरापट. आणि मार्चनंतर आदिवासी वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन उतरतात. पाणी नाही असे नाही, ते कोणाकडे जाते हा प्रश्न आहे. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला गेले आणि कालव्यांची कामे वर्षानुवर्षे रेंगाळली. २१ सप्टेंबर २००८ रोजी याच हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन देण्याबाबत शेतकऱ्यांचा कौल घेतला. ज्या वर्षी दिल्लीत भारत-इस्रायल कृषी कार्यक्रम सुरू होत होता, त्याच वर्षी पेणचे शेतकरी ओलिताखाली येणारी जमीन हातची जाऊ नये म्हणून मतपेटीपाशी रांगेत उभे होते. रोह्याची गोष्ट थोडी निराळी. टाटांच्या भिरा वीजगृहातून सुटणारे मुळशीचे पाणी कुंडलिकेत येते, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत जाते आणि उन्हाळी भात पिकते. खाली धाटावची औद्योगिक वसाहत त्याच नदीवर आहे. थेंब मोजण्याचे शास्त्र आपण शिकलो तर चांगलेच. पण आपल्या नद्या कोण किती उचलतो आणि त्यांत काय सोडतो, हे मोजायला इस्रायलहून कोणी येणार नाही.

ठिबकचा संच बसवायला सातबारा नावावर लागतो, पंपाला वीज लागते, अनुदान हाती येईपर्यंत आधी खिशातून घालायला पैसे लागतात. पेण आणि रोह्याच्या डोंगरपट्टीतल्या कातकरी, ठाकर कुटुंबांकडे यांतले बहुधा काहीच नसते. ज्यांच्याकडे सातबारा आहे त्यांच्यातही एकेका गटावर पंधरा-वीस नावे आणि निम्मी मुंबईत. बाग राखायला नेपाळी माणूस, वानरांपुढे सगळे हतबल. हे अडथळे कोकणाचे आहेत आणि त्यांवर गुणवत्ता केंद्रात अभ्यासक्रम नाही. केंद्रापासून गाव दूर राहते हे चालवणाऱ्यांच्याही लक्षात आले असावे, कारण २०२१ च्या आराखड्यात ८ राज्यांतल्या ७५ गावांत थेट काम करण्याची 'गुणवत्ता गावे' ही कल्पना आली.

छोट्या देशाचे भले साहाय्यही कसे वाकडे जाऊ शकते, याचा धडा केरळात आहे. १९५२ मध्ये नॉर्वे, भारत आणि संयुक्त राष्ट्रे यांनी करार केला आणि कोल्लमजवळ नींडकऱ्याला मच्छीमारांसाठी प्रकल्प उभारला. हेतू निखळ होता: गरीब मच्छीमाराचे उत्पन्न वाढावे, त्याच्या मुलाबाळांचे आरोग्य सुधारावे. पुढे यांत्रिक बोटी आल्या, कोळंबीची निर्यात सुरू झाली, ट्रॉलर आले, आणि ज्यांच्यासाठी प्रकल्प होता ते पारंपरिक मच्छीमार किनाऱ्यावरून त्या ट्रॉलरांविरुद्ध झगडत राहिले. नॉर्वेचा पैसा खोटा नव्हता आणि मनही खोटे नव्हते. फक्त गावात आधी कोण बलवान आहे हे पाहिले गेले नाही, आणि साधन बलवानाच्या हाती गेले. आपल्या कोळीवाड्यांतल्या वाचकांनी या पुस्तकातले ते प्रकरण सावकाश वाचावे.

माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगते. ज्ञानाचे साहाय्य पैशाच्या साहाय्यापेक्षा घेणाऱ्याला कमी बांधते, म्हणून ते मला अधिक मोलाचे वाटते. इस्रायलचे शेतीतले काम खरे आहे आणि ते घ्यावे. पण त्याला उपकार म्हणू नये, कारण खर्चाचा मोठा भार आपण उचलतो. आणि त्यापोटी पॅलेस्टिनी माणसाविषयी बोलायचे थांबूही नये. सावडीला आलेल्या शेजाऱ्याच्या घरात अन्याय होत असेल तर त्याविषयी आपल्याला बोलता येते. उलट, सावड आहे म्हणूनच बोलता येते. दुसरे असे की बाहेरून आलेले ज्ञान शेवटच्या वाडीपर्यंत नेणे हे देणाऱ्या देशाचे काम नसते. ते आपल्या कृषी खात्याचे, विद्यापीठाचे, ग्रामपंचायतीचे काम आहे, आणि तिथे आपण कमी पडलो आहोत.

इथून पुढच्या प्रकरणांत इस्रायलबरोबर नॉर्वे आणि इतर छोटे देशही येतात, काही ठिकाणी कंटाळवाणे वाटतील असे करार आणि तक्तेही येतात. ते टाळून पुढे गेलात तरी चालेल, दापोलीचे प्रकरण मात्र टाळू नका.

पेण-रोह्याच्या वाचकांना एक विनंती आहे. रोह्याजवळ किल्ला या गावी कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. ते आपल्या जिल्ह्याचे आहे, तिथे जायला कोणाची ओळख लागत नाही. पावसाळा संपला की एकदा जा, आणि एकटे जाऊ नका. आपल्या वाडीवरच्या, ज्याच्या नावावर सातबारा नाही अशा एखाद्या शेतकऱ्याला बरोबर न्या, आणि दापोलीत जे शिकले गेले त्यातले त्याच्या परसातल्या चार झाडांना काय लागू पडेल, हे त्याला स्वतःला विचारू द्या.